मुलाखतीत पगार, ड्युटीचे तास आणि सवलती कशा विचारायच्या

"पगार किती?" असं विचारलं की समोरून एक आकडा येतो आणि बोलणं तिथंच संपतं. तो आकडा सीटीसीचा (म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा, आठ तासांचा आहे की बारा तासांचा, ओटी (ओव्हरटाइम, जादा तासांचं काम) धरून आहे की सोडून, हे न कळताच पोरं मान डोलावतात. मग पहिल्या पगाराला चार-पाच हजार कमी का आले याचं उत्तर कुणाकडे नसतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, कुठंही जा, फसगत बहुतेक वेळा इथंच होते. सांगणारा खोटं बोलतो असं नाही, विचारणाऱ्याने अर्धंच विचारलेलं असतं. म्हणून एका मोठ्या प्रश्नाऐवजी लहान लहान, नेमके प्रश्न विचारायचे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. नोकरी पुष्कळदा पाहुण्यांच्या किंवा गावातल्या कुणाच्या ओळखीने लागते. "त्यांनी शब्द टाकलाय, आता पगाराचं कसं काढायचं?" असा संकोच वाटतो. ओळखीने मुलाखत मिळते. पगार मात्र तुमच्या नावावर निघणार आहे, तेव्हा तो तुम्हीच विचारायचा. पाहुण्यांकडून कळलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो त्यांच्या पोराचा, ओटी धरलेला किंवा चार वर्षं जुना असू शकतो. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की, "काका, तिथं मी पगाराचं नीट विचारून घेणार आहे." मग त्यांनाही नंतर अवघडल्यासारखं होत नाही.

जाण्याआधीची तयारी

घरीच एका कागदावर दोन आकडे काढा. पहिला, महिन्याला किती हातात आले तर भागेल. बाहेरून येऊन बजाजनगर किंवा रांजणगावात खोली घेणार असाल तर भाडं, लाईट, मेस, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वर्गणी आणि घरी पाठवायचे पैसे धरा. गंगापूर किंवा बदनापूरहून रोज ये-जा करणार असाल तर पेट्रोल आणि प्रवासाचे तास धरा. दुसरा आकडा, किती मिळाले तर आनंदाने जाल. बोलणी या दोन आकड्यांच्या मधेच होतात. पहिला आकडा कुणालाही सांगायचा नाही.

दुसरी तयारी किमान वेतनाची. राज्य सरकार उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार किमान वेतन ठरवतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन पायऱ्यांवर असतात. आयटीआय झालेल्या फिटरला कागदावर 'हेल्पर' दाखवलं की तो अकुशलमध्ये जातो आणि पगार तिथूनच खाली येतो. म्हणून पदाचं नाव आणि ग्रेड विचारायचंच: "सर, मला कुठल्या ग्रेडमध्ये घेणार? कुशल की अर्धकुशल?"

आधी नोकरी केलेली असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट फाइलमध्ये ठेवा. जुना पगार वाढवून सांगू नका. पे-स्लिप मागतातच, आणि आधी कुठं कधी काम केलं ते यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरून, कळतं. तिथं तफावत निघाली की ठरलेली नोकरीही जाते.

कधी विचारायचं

हे कामावर अवलंबून आहे. कंपनीच्या गेटवर किंवा कंत्राटदाराच्या ऑफिसात होणारी भरती दहा मिनिटांत उरकते आणि उद्यापासून या म्हणतात. तिथं दुसरी संधी नसते, सगळं त्याच उभ्या-उभ्या बोलण्यात विचारून घ्या. ऑफिसचं काम, इंजिनियर, अकाउंटंट, सुपरवायझर, हॉस्पिटलमधलं पद अशा ठिकाणी दोन-तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत दोनच गोष्टी विचारा: पगाराची साधारण रेंज आणि शिफ्ट. तेवढं जुळत नसेल तर दोघांचाही वेळ वाचतो. सुट्ट्या, विमा, बस, बोनस यांची बारीक विचारपूस "तुम्हाला घेतोय" म्हटल्यावर आणि तुम्ही होकार देण्याच्या आधी. मधला हा एक-दोन दिवसांचा काळ सगळ्यात मोलाचा असतो, कारण तेव्हा त्यांनाही तुम्ही हवे असता. जुन्या ठिकाणचा राजीनामा या बोलण्यानंतर द्यायचा.

बसल्या-बसल्या पहिलाच प्रश्न सुट्टीचा नको. सुट्टी विचारण्यात गैर काही नाही, पण क्रम असा ठेवा: काम काय, तास किती, पगार किती, मग बाकीचं. कामाबद्दल दोन चांगले प्रश्न विचारलेल्या माणसाच्या पगाराच्या प्रश्नाला एचआरही मोकळेपणाने उत्तर देतात.

"तुमची अपेक्षा किती?" हा प्रश्न येणारच. "तुम्ही द्याल ते" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्याने बोलणी सुरू होण्याआधीच संपतात. त्याऐवजी: "सर, या पदाला कंपनीत काय रेंज आहे ते आधी कळलं तर बरं होईल." त्यांनी पुन्हा तुमच्यावरच ढकललं तर आकडा सांगा आणि तो कशाचा हेही सांगा: "हातात अठरा हजार, आठ तासांच्या ड्युटीचे, ओटी सोडून." नुसतं "अठरा" म्हणू नका. तुम्ही हातातले धरता, ते सीटीसीतले.

आकड्याच्या आत काय आहे

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. जाहिरातीत "22,000 सीटीसी" आहे असं धरा. कंपनीच्या कागदावर त्याची मोड साधारण अशी निघेल:

मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) 13,000
घरभाडे भत्ता 5,000
(इथपर्यंत ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 18,000)
कंपनीकडचा पीएफ, प्रशासकीय खर्चासह 13 टक्के: 1,690
कंपनीकडचा ईएसआय (कामगार विमा), 3.25 टक्के: 585
ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेची) तरतूद, 4.81 टक्के: 625
बोनस, 8.33 टक्क्यांनी: 1,083
एकूण 21,983

म्हणजे 22,000 मधले जवळपास चार हजार दरमहा तुमच्या हातात येणारे नव्हतेच. आता 18,000 मधून तुमच्या बाजूची कपात होते. पीएफ 12 टक्के, 13,000 वर 1,560. ईएसआय 0.75 टक्के, 18,000 वर 135. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात 16,105. महिला कर्मचाऱ्यांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात 16,305 येतात. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर ते अजून वेगळे.

यात लबाडी काही नाही, सीटीसीचा हिशेब असाच असतो. पीएफ तुमच्याच खात्यात जमा होतो, ईएसआयमध्ये घरच्यांचे उपचार होतात. लबाडी किंवा फसगत पुढच्या तीन जागी होते, तिथं थांबून विचारा.

एक, दोन्ही बाजूंचा पीएफ तुमच्याच ग्रॉसमधून कापणं. कंपनीचा हिस्सा सीटीसीत दाखवणं वेगळं आणि ठरलेल्या ग्रॉसमधून 24 टक्के उचलणं वेगळं. प्रश्न असा: "ग्रॉस 18,000 ठरले तर त्यातून माझा पीएफ किती कापला जाईल?" उत्तर 12 टक्क्यांचं यायला हवं.

दोन, मूळ पगार फार लहान आणि भत्ते फार मोठे दाखवणं. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळं मूळ पगारावर चालतं, त्यामुळे तिथं कंपनीचे पैसे वाचतात आणि तुमचे जातात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये (नव्या कामगार कायद्यांमध्ये) यावर मर्यादा आली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. म्हणून विचारा: "मूळ पगार आणि डीए मिळून किती?"

तीन, बोनस. काही ठिकाणी तो दिवाळीला एकदम देतात, काही ठिकाणी महिन्याच्या पगारात मिसळतात आणि दिवाळीला हात वर करतात. दोन्ही चालतं, पण आधी माहीत हवं. कायद्याने बोनस किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के असतो. महिन्याला 21,000 पर्यंत वेतन असलेल्या आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या माणसाला तो लागू होतो. मधेच नोकरी सोडली तरी तेवढ्या काळाचा बोनस बुडत नाही.

"पीएफ प्रोबेशन संपल्यावर" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो, त्याला सहा महिन्यांची वाट नसते. अपवाद ॲप्रेंटिसचा: त्यांना विद्यावेतन मिळतं, ॲप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय नसतात. म्हणून "ट्रेनी" म्हणून घेत असतील तर नेमकं विचारा की ॲप्रेंटिस म्हणून करार होणार की कामगार म्हणून, आणि मुदत संपल्यावर काय. "पुढे पर्मनंट करू" हे आश्वासन कागदावर नसेल तर हिशेबात धरू नका.

ईएसआय ग्रॉस 21,000 पर्यंतच्यांसाठी आहे. त्याच्या वर पगार असेल तर कंपनीचा गट विमा आहे का, किती लाखांचा, बायको-मुलं आहेत का आणि आई-वडील धरले आहेत का, एवढं विचारा. आई-वडिलांचं विचारायला बहुतेक जण विसरतात, आणि दवाखान्याचा मोठा खर्च बहुधा त्यांचाच असतो.

तास, शिफ्ट आणि ओटी

"ड्युटी आठ तास" या उत्तरावर समाधान मानू नका. जेवणाची अर्धा तास सुट्टी आत की बाहेर? शिफ्ट आठवड्याला बदलते की पंधरा दिवसांनी? थर्ड शिफ्ट आहे का? साप्ताहिक सुट्टी रविवारीच की फिरती? वीजकपातीमुळे वारांची अदलाबदल होते का?

बसचं नीट विचारा. कंपनीची बस सगळ्या शिफ्टना आहे की फक्त जनरलला, शेवटचा थांबा कोणता, आणि ओटीला थांबलं तर घरी कसं जायचं. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, आणि त्या वेळी पैठण किंवा जालना रोडवर एसटीची वाट पाहत उभं राहावं लागणार असेल तर तो पगारातलाच खर्च समजा. महिलांनी रात्रीच्या पाळीबद्दल स्पष्ट विचारावं: घरापर्यंत सोडतात का, गाडीत सुरक्षारक्षक असतो का. रात्रपाळीसाठी महिलेची संमती लागते, हे माहीत असू द्या.

आता ओटी. आठवड्याला 48 तासांच्या वरचं काम म्हणजे ओटी, आणि त्याचा दर दुप्पट. आपल्याकडे 'डबल ओटी' आणि 'सिंगल ओटी' हे शब्द सर्रास चालतात. सिंगल म्हणजे साध्या दरानेच पैसे, आणि ते बेकायदेशीर आहे. वरच्या उदाहरणात 13,000 ला 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं तर तासाला 62.50 रुपये येतात. महिन्यात 40 तास ओटी झाली तर सिंगलने 2,500 आणि डबलने 5,000. फरक एवढा मोठा आहे, म्हणून शब्दात न अडकता आकडा विचारा: "सर, एका तासाच्या ओटीला किती रुपये पडतात?" मग पुढचे दोन: "ओटी पे-स्लिपवर येते की वेगळी मिळते?" आणि "ओटी सक्तीची आहे का, महिन्याला साधारण किती तास होते?" "हातात 21-22 पडतात बघा" असं सांगणाऱ्या सुपरवायझरचा आकडा जवळजवळ नेहमी ओटी धरलेला असतो. ऑर्डरी कमी झाल्या की सगळ्यात आधी ओटी बंद होते. घराचा हप्ता, बहिणीच्या लग्नाची उचल, जे काही बांधायचं ते ओटीशिवायच्या पगारावर बांधा.

खाड्याचा हिशेबही असाच विचारायचा. एका दिवसाचा पगार 26 ने भागून कापतात की 30 ने? 18,000 वर पहिल्यात 692 जातात, दुसऱ्यात 600. शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधला रविवार कापतात का? तीन उशिरा हजेरीला अर्धा दिवस जातो का? हजेरी बक्षीस असेल तर एका खाड्याने ते पूर्ण जातं की थोडं? पेरणीला, पोळ्याला, गावच्या जत्रेला जाणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर पगार का घटला हे वर्षभर कळत नाही.

रजांमध्ये कमावलेली रजा कारखान्यात साधारण वीस दिवस कामाला एक दिवस या हिशेबाने मिळते. दुकानं, ऑफिसं, खासगी आस्थापनांना वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. शिल्लक रजेचे पैसे मिळतात की त्या बुडतात, एवढं विचारलं की पुरे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे 17 सप्टेंबरला, सुट्टी असते का हे विचारल्यावर कंपनीच्या सुट्ट्यांची यादीच बहुधा समोर येते. ती मागूनच घ्या. महिलांनी प्रसूती रजेचं विचारायला बिचकू नये: आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा कायद्यानेच आहे.

रोल कोणाचा

कंपनीच्या गेटात काम आणि कंत्राटदाराच्या नावावर पगार, हे एमआयडीसीत रोजचं आहे. त्यात थेट चूक काही नाही, पण मुलाखतीतच सुटसुटीत विचारा: "मी कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? पे-स्लिप आणि नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने?" कंत्राटदाराचं पूर्ण नाव लिहून घ्या. पीएफ त्याच्या कोडवर जाणार आहे आणि तो बदलला तरी तुमचा यूएएन तोच राहिला पाहिजे. दर नव्या कंत्राटदाराने नवा यूएएन काढला की सेवेचे तुकडे पडतात, आणि नंतर पैसे काढताना सगळे तुकडे जुळवत बसावं लागतं. म्हणून रुजू होताना जुना यूएएन स्वतःहून द्या. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही लक्षात असू द्या.

ठरावीक मुदतीचा करार असेल तर मुदत किती आणि मधे 'ब्रेक' देतात का, हे विचारा. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेवर मिळते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत एका वर्षानंतर प्रमाणशीर मिळते. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार व डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं.

एमआयडीसीबाहेरचं थोडक्यात. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये आणि विनाअनुदानित शाळांमध्ये पगार तासिकेवर की महिन्यावर, एप्रिल-मेचा मिळतो का, आणि पेपर तपासणी व डाउट सेशनचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारा. पतसंस्था आणि मल्टीस्टेटमध्ये ठेवी आणायचं टार्गेट आहे का आणि ते न झाल्यास मूळ पगारातून कापतात का. जालन्याच्या स्टील मिलमध्ये पगार महिन्यावर की टनावर, भट्टीजवळच्या कामाला बूट-हातमोजे कंपनी देते की पैसे कापते. हॉस्पिटलात नाइट भत्ता आणि ड्युटीनंतर थांबवलेल्या तासांचं काय. आणि कुठंही मूळ प्रमाणपत्रं 'जमा' करायला सांगितली तर दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. नोकरीसाठी अनामत किंवा फॉर्मचे पैसे मागणाऱ्या ठिकाणी मुलाखत तिथंच थांबवलेली बरी.

बोलणं कागदावर आणणं

होकार देण्याआधी नियुक्तीपत्र मागा. ते देणं आता सगळ्यांना बंधनकारक आहे. "पत्र महिन्याभरात मिळेल" म्हणाले तर त्याच दिवशी एचआरना व्हॉट्सॲप किंवा ई-मेल करा:

"नमस्कार मॅडम. आज झालेल्या बोलण्यानुसार माझी समजूत अशी: पद सीएनसी ऑपरेटर (कुशल), कंपनीच्या रोलवर. ग्रॉस 18,000, त्यात मूळ व डीए 13,000. ड्युटी आठ तास, शिफ्ट दर आठवड्याला बदलती, ओटी दुप्पट दराने. पीएफ-ईएसआय पहिल्या दिवसापासून. बोनस दिवाळीला. बस गंगापूर फाट्यापर्यंत. काही चुकलं असेल तर कृपया कळवावं. 5 तारखेला रुजू होतो."

या मजकुरात तक्रार नाही, संशय नाही, आणि वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो. "हो" एवढं उत्तर आलं तरी जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर रुजू व्हायच्या आधी एकदा फोन करून तेच मुद्दे वाचून दाखवा. पत्र हातात आल्यावर बाँड, नोटीस पिरियड आणि बदलीचं कलम तीनदा वाचा. नोटीस तुमच्यासाठी दोन महिने आणि कंपनीसाठी पंधरा दिवस असेल तर सारखी करायला सांगा. पुष्कळ वेळा करतात, कारण तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा. पहिली पे-स्लिप आली की त्या मेसेजशेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवा: हजेरीचे दिवस, ओटीचे तास, मूळ पगार, पीएफ, ईएसआय. पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. तेव्हा 20-25 तारखेच्या सुमारास उमंग ॲपवर पासबुक उघडा. कपात पे-स्लिपवर आहे आणि पासबुकात नाही असं दिसलं तर आधी एचआरकडे लेखी विचारा. पुढच्या महिन्यातही तीच गत असेल तर पे-स्लिप आणि पासबुकाची प्रत जोडून पीएफ कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ओटी किंवा पगार थकला असेल तर तीच कागदं घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.